मुखपृष्ठ आणि वाचक : दोन दिवाळी अंकांच्या संदर्भात

मराठी नियतकालिकांच्या अभ्यासात मुखपृष्ठ हे केवळ विक्रीचे साधन समजून बहुधा बाजूला ठेवले जाते. वास्तविक अंक कोणत्या वाचकाला हाक मारतो, हे प्रथम तेथेच ठरते. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’वरील स्त्रीप्रतिमा डौलदार रेषा आणि उजळ रंग यांच्या बळावर वाटसरूला थांबवते, तिच्या आस्वादासाठी वाङ्मयाचा पूर्वपरिचय लागत नाही. १९६४ मध्ये निघालेल्या ‘ललित’च्या दिवाळी अंकांवरील वसंत सरवटे यांच्या चित्रांची रीत निराळी. साहित्यिकांची अर्कचित्रे आणि जयवंत दळवींच्या सदरातला, भलामोठा हातोडा बाळगणारा ठणठणपाळ पाहून खरा हसतो तो त्या साहित्यव्यवहाराचा जाणकार. आपण या वर्तुळातले आहोत, ही जाणीवच येथे आकर्षण ठरते (आणि ती सर्वस्वी निरागस नव्हे). मात्र एवढ्यावरून ‘दीपावली’चे मुखपृष्ठ उथळ अभिरुचीचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल, त्या अंकात कसदार लेखनही असे.

खरी अडचण साधनांची आहे. ग्रंथालयांत अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे पुष्कळदा काढून टाकली जातात, आणि अभ्यासकाच्या हाती उरतो तो निव्वळ मजकूर. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ती अंकासोबतच शिवून घ्यावीत. निदान चित्रकाराच्या नावाची नोंद तरी ठेवावी.