पंचवीस की वीस पाच?

मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी २, मग ५. त्यामुळे ऐकलेली संख्या लिहिताना मूल कधी ५२ लिहिते. ही अडचण कमी व्हावी म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचनही देण्यात आले. व्यवहारात ‘पंचवीस’च रूढ असल्याने मुलांचा गोंधळ वाढेल, असा आक्षेप अनेक पालकांनी घेतला. जुने वाचन रद्द केलेले नाही, असे समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केले. रूढ शब्द मुलांना यायलाच हवेत. परंतु ५२ लिहिणारे मूल ‘ढ’ नसते, हेही पालकांनी जाणावे.

विचार करा : ‘एकोणतीस’ ऐकून २९ लिहिताना मुलाला कोणती अडचण येत असेल?