घरचा पाठ कोणीं द्यावा?

वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, २ तीमथ्य १:३-५, प्रेषितांचीं कृत्यें १६:१-३.

नांदगाव पेठ हें गांव अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. सभोंवार कापसाचीं व तुरीचीं शेतें. आणि आतां औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने व वीजकेंद्रही. पूर्वीं शेतकऱ्याचें मूल आजोबांच्या मागें धुऱ्यावरून चाले व आजीच्या मांडीवर निजे. वडील मंडळींत कसें बोलावें, हें त्यास कोणी मुद्दाम शिकवीत नसे. आज बाप रात्रपाळीस, आई दिवसा कामास, आणि आजी दुसऱ्या गांवीं, अशीं बिऱ्हाडें कारखान्यांभोंवतीं पुष्कळ असतात. १९७५ सालीं सुरू झालेल्या अंगणवाडींत मूल कांहीं तास बसतें. पुढें मोबाईल त्याचा सोबती.

एकत्र कुटुंब मोडलें म्हणून मुलें बिघडलीं, असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें पुरतें मान्य नाहीं. त्याच घरांत मूल दुसरेंही शिकत होतें : कोणाच्या हातचें पाणी चालत नाहीं, सुनेनें सर्वांच्या मागून जेवावें. प्रेमाचा व भेदाचा पाठ एकाच मांडीवर मिळे.

शिवाय मोडलेलें घर आपल्या मंडळ्यांस नवें नाहीं. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला आणि घर दुभंगलें. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन कांहीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. पुढें पतीकडे परतल्या, व १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' ह्या त्यांच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. ज्या उपदेशकांनीं ती वाचली नसेल त्यांनीं अवश्य वाचावी. ज्यांस असा आश्रय नव्हता अशा पुष्कळ मुलांस मिशनच्या बोर्डिंगांनीं वाढविलें. तेथें अक्षर, शिस्त व प्रार्थना मिळाली. पण घंटेवर उठणाऱ्या मुलास आईबापांचें रुसणें व एकमेकांस क्षमा करणें पाहावयास थोडेंच मिळे.

तीमथ्याचा बाप हेल्लेणी, आई विश्वासणारी यहूदीण. पौल नांवें घेतो तीं आजी लोईस व आई युनीके यांचीं. बापाच्या विश्वासाविषयीं तेथें एक शब्द नाहीं. म्हणजे तेंही घर सरळ नव्हतें. मोशेही पाठाच्या वेळा सांगतो त्या घरांत बसण्याच्या, वाटेनें चालण्याच्या, निजण्याच्या व उठण्याच्या. रात्रपाळीच्या घरांतही ह्या चारही वेळा येतात, मात्र सर्वांच्या एकदम येत नाहींत. म्हणून गृहोपासना दिवेलागणीसच व्हावी, असा हट्ट उपदेशकांनीं धरूं नये. सकाळीं बाप परततो व मूल शाळेस निघतें, त्या दहा मिनिटांत एक वचन व एक प्रार्थना सहज होते.

आजी दूर असेल तर? मंडळींत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया असतात. त्यांचींही मुलें पुण्यामुंबईस गेलेलीं. त्यांस शब्बाथशाळेंत नुसतें मागें बसवून ठेवूं नये. आई परतेतोंवर शेजारचीं दोन मुलें त्यांच्या ओट्यावर असावींत. मात्र आईबापांच्या संमतीनें, चारचौघांच्या देखत. मुलांस गोष्ट मिळेल, म्हातारीस हांक मारणारें कोणी मिळेल.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न : काल तुमचें मूल कोणाशीं किती वेळ बोललें? तुमच्या वस्तींत लोईस कोण होऊं शकेल?