कोरी खतावणी

जळगावच्या एका केळी-व्यापाऱ्याच्या पेढीवर मी बसवून दिलेली जावाची हिशेबप्रणाली वैशाखातल्या एका रात्री वीज गेल्याने बंद पडली, आणि पहाटे वीज येताच टॉमकॅट आपोआप सुरू होऊन, लॉगमध्ये चुकीचा एकही शेरा न उमटता, पूर्ववत कामाला लागली. मात्र मुनीमजींनी खतावणी उघडली तेव्हा शेतकऱ्यांची नावे, घडांची वजने, उचल, बाकी यांपैकी काहीच तेथे नव्हते. कोष्टके होती, पण कोरी.

कारण एका शब्दात होते. घरी प्रणाली रचताना हायबरनेटच्या ‘डीडीएल-ऑटो’ या कलमापुढे मी ‘क्रिएट’ लिहिले होते, म्हणजे प्रणाली दर वेळी उठताना जुनी कोष्टके पाडून नवी उभारणार; तीच फाइल तशीच जळगावला गेली, आणि दोन महिने संगणक एकदाही बंद न झाल्यामुळे दोष झाकून राहिला. बॅकअप होता तोही बसवणीच्या दिवशीचा, अर्थात रिकामा. मुनीमजींनी काटापावत्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या, म्हणूनच शेतकऱ्यांचे पैसे वाचले. एका पावतीवर केळीच्या चिकाचा डाग पडून आकडा १ की ७ हे उमगेना, तेव्हा त्यांनी यावलच्या त्या शेतकऱ्याला फोन लावून विचारले. तो क्षण मी विसरलेलो नाही.

म्हणून व्यवसायबंधूंना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ग्राहकाच्या सर्व्हरवर त्या कलमापुढे ‘व्हॅलिडेट’च असावे. ‘अपडेट’वरही विसंबू नये, कारण रकान्याचे नाव बदलल्यास तो नवा रकाना जोडतो, जुन्यातला मजकूर त्यात नेत नाही. रचनेतले फेरफार फ्लायवेच्या क्रमांकित फायलींनी, वेगळ्या खात्याने करावेत. आणि प्रणाली रोज ज्या खात्याने मायएसक्यूएलमध्ये शिरते त्याला कोष्टक पाडण्याचा अखत्यार मुळीच देऊ नये. मला हीच तजवीज सर्वांत मोलाची वाटते, कारण फाइल बदलायची राहून गेली तरी हुकूम तेथेच अडतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद, १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाल्यानंतर, तेथल्या राजवाडे संशोधन मंडळाने जतन केले. त्या मंडळावरून जाताना, एका शब्दाने आपण केवढे दफ्तर बुडवले, हे मला हटकून आठवते. गेल्या कार्तिकात धुळ्याच्याच एका जिनिंगचे काम सोपवताना मी कापसाच्या दहा गाड्या चाचणीपुरत्या नोंदवल्या, मालकांसमोर संगणकाची वायर उपसली, पुन्हा लावली, आणि दहाही गाड्या पडद्यावर येईपर्यंत तेथेच उभा राहिलो.