वात ओली ठेव

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला. ‘मामा, टँक गळतोय, खिसा भिजला, आता काय करू?’ आणि थोडं थांबून हळूच म्हणालास, ‘खालचं दुकान अजून उघडं आहे.’ त्या दुकानातून तू काय आणणार होतास ते मला न सांगता कळलं. म्हणून आज चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय. या गोष्टी फोनवर सांगितल्या की अर्ध्या राहतात.

मी सिगारेट सोडली २०१७ च्या ऑक्टोबरात. कराडला कॉलेजात असताना लागलेली सवय, पंचेचाळीस वर्षांची. सात आठवडे ई-सिगारेटच्या टँकवर छान निभावलं. मग डिसेंबरात गॅरेजच्या एका रात्रपाळीला कॉइल जळली आणि जवळ दुसरी नव्हती. पहाटे तीनला पेट्रोलपंपावर जाऊन वीसचं पाकीट घेतलं. दहाचं पाकीट त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ब्रिटनमध्ये बंद झालं होतं. सकाळपर्यंत त्या वीसच्या वीस संपल्या. पुन्हा सुटायला फेब्रुवारी उजाडला. निश्चय कमी पडला असं तेव्हा सगळे म्हणाले, मीही म्हणालो. आता तसं वाटत नाही. त्या रात्री माझ्या खिशात एक तीन पौंडांची कॉइल असती तर ते पाकीट आलंच नसतं. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच, की हा टँक म्हणजे शौकाची वस्तू समजू नको. अडीअडचणीला तो चालू असलाच पाहिजे, इन्हेलरसारखा.

आता तो चालतो कसा ते नीट समजून घे, म्हणजे निम्मे बिघाड तुझे तूच ओळखशील. तू आजवर वापरून फेकायच्या नळ्या ओढल्यास, त्यामुळे आत काय आहे हे पाहायची वेळच आली नाही. २०२५ च्या १ जूनपासून त्या विकायला बंदी आली आणि तू टँकवर आलास. आत एक तारेचं वेटोळं असतं, त्याच्याभोवती कापूस, हीच कॉइल. कापूस बाजूच्या भोकांतून लिक्विड शोषतो, तार तापते, वाफ होते. तुझी पणजी रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि वात कात्रीनं सारखी करायची. वात कोरडी पडली की काजळी, रॉकेल जास्त झालं की भडका. इथंही तेच आहे. वात कोरडी पडली की जळते, अति भिजली की गळते. टँक बिघडला म्हणून मला आजवर जेवढे फोन आले, त्यांतले बहुतेक या दोहोंतच बसले.

तुझं गळणं आधी घेऊ. स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटानं दाबून धरलं की उचलल्यावरही पाणी आत राहतं, बोट काढलं की सांडतं. हा खेळ तू लहानपणी केला आहेस. टँकमधलं लिक्विड तसंच थोपलेलं असतं. वर किंचित पोकळी असते, ती त्याला धरून ठेवते. भरण्यासाठी वरचं झाकण उघडलंस की तू बोट उचललंस, आणि लिक्विड कापसातून खाली हवेच्या भोकांकडे चाललं. म्हणून भरण्याआधी खालची हवेची कडी फिरवून बंद कर. मग झाकण उघड, बाजूच्या भोकातून सावकाश भर, मधल्या नळीत थेंब जाऊ देऊ नको. काठोकाठ भरू नको, थोडी हवा राहू दे. झाकण लावलंस की टँक उलटा धर आणि उलटा असतानाच कडी उघड. झाकण दाबताना आत जो दाब तयार होतो तो अशानं हवेच्या रूपानं निघून जातो, लिक्विडच्या रूपानं नाही. मग सरळ कर. दहा सेकंदांचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं गळणं एवढ्यानं थांबलं.

एवढं करूनही गळत असेल तर ते रबरी गोल वायसर बघ, ओ-रिंगा. काचेच्या वर एक, खाली एक, कॉइलवर एक-दोन. एखादा चिरलेला, पिळवटलेला किंवा काच धुताना बेसिनमध्ये गेलेला असतो. नवा बसवताना लिक्विडचा थेंब बोटावर घेऊन लाव, म्हणजे तो घडी न पडता बसतो. कॉइल हातानं घट्ट बसव, पकड लावू नको. मी एकतीस वर्षं बसचे नट आवळले, त्यामुळे सुरुवातीला माझ्या हातून कॉइलच्या बुडाचं रबर दोनदा चिरडलं. आणि काचेला केसाएवढी चीर असली तरी पोकळी टिकत नाही. टँक प्लास्टिकचा असेल तर दालचिनीचे आणि लिंबूवर्गीय स्वादही त्याला तडे पाडतात, तेव्हा काचेचाच घे.

बाटलीवरचं प्रमाणही वाच. पीजी पातळ असतं, व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, ते जाड. तुझी कॉइल एक ओहमच्या आसपासची, तिची भोकं लहान. तिला निम्मं-निम्मं लिक्विड चालतं. तुझ्या मित्राकडचं ७० टक्के व्हीजीवालं, मोठ्या धुराचं लिक्विड तू तिच्यात घातलंस तर ते कापसात वेळेवर पोचणार नाही आणि कॉइल जळेल. उलट त्याच्या मोठ्या भोकांच्या कॉइलमध्ये तुझं पातळ लिक्विड गेलं तर गळेल. मँचेस्टरच्या जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेला टँक सकाळी थेट ओढू नको, ग्लिसरीन थंडीनं घट्ट होतं. पाच मिनिटं आतल्या खिशात ठेव. उन्हात खिडकीशी राहिलेला मात्र पातळ होऊन पाझरतो. आणि खिशात आडवा टाकायची सवय मोड. उभा ठेव, रात्री कडी बंद कर.

जळका वास येतो ते दुखणं याहून वाईट, कारण त्यात तब्येतीचा प्रश्न आहे. कोरडा कापूस तापला की घशाला चरका बसतो, आणि त्या जळण्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात. ज्यापासून आपण पळालो तेच पुन्हा छातीत घ्यायचं? असा एक झुरका आला की तिथंच थांब. ‘अजून दोन दिवस चालवू’ असं म्हणू नको. जळलेला कापूस सुधारत नाही. लोक पाण्यात उकळून, स्पिरिटमध्ये भिजवून बघतात, मीही पाहिलं आहे, चव कधी परत आली नाही.

नवी कॉइल बसवताना घाई केली की ती पहिल्याच झुरक्याला जळते. बाजूच्या भोकांतल्या कापसावर एक-एक थेंब सोड, वरून आत दोन थेंब, कापूस ओला झालेला डोळ्यांनी बघ. मग टँक भर आणि दहा मिनिटं हात लावू नको. मी तेवढ्यात चहा टाकतो. कॉइलवर वॅटचा आकडा कोरलेला असतो, समजा १० ते १५. सुरुवात १० वर कर, दुसऱ्या दिवशी एकेक वॅट वाढव, चव नीट लागेल तिथं थांब. वरच्या आकड्यापलीकडे जाऊ नको. पाठोपाठ झुरके घेऊ नको, मध्ये अर्धं मिनिट जाऊ दे, कापसाला शोषायला वेळ लागतो. इथल्या कायद्यानं टँक २ मिलिलिटरचाच असतो, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा भरावा लागतो. लिक्विड कापसाच्या भोकांखाली गेलं की भरायची वेळ टळून गेली असं समज. झुरका घेतल्यावर काचेत बुडबुडे वर येतात का बघ. आले नाहीत तर भोकावर हवा अडकली आहे, टँक आडवा करून हलकेच हलव.

कॉइल किती दिवस टिकते हे लिक्विडवर आहे. साधं, बिनगोडीचं असेल तर दोन आठवडे. आंबा, डोनट, शीतपेयं अशा गोड स्वादांतलं सुक्रालोज तारेवर काळी साय धरतं आणि चार-पाच दिवसांत चव करपट होते. तुला गोड आवडतं हे मला माहीत आहे. मग पाच कॉइलींचं पाकीट घरात आणि एक कॉइल पैशांच्या पाकिटात, हे कधी चुकवू नको.

गुडगुड आवाज आला, ओठांवर गरम थेंब उडाले, तर नळीत लिक्विड साचलं आहे. टँक बॅटरीवरून काढ, बुडाला टिशू गुंडाळ आणि वरून जोरानं फुंक. मग टिशूची वळी करून नळी पुसून घे. हे बहुतेक वेळा जोरानं ओढल्यामुळं होतं. विडी-सिगारेटवाले आपण छातीतून खेचतो. इथं लांब, हळू, तीन-चार सेकंद ओढायचं. खेचलंस की वाफेऐवजी लिक्विडच वर येतं.

पडद्यावर ‘नो अ‍ॅटोमायझर’ आलं तर घाबरू नको. टँकच्या बुडाचा मधला बिंदू आणि बॅटरीवरची त्याची जागा कापसाच्या काडीनं पूस, कॉइल अर्धा फेरा आवळ. तेवढ्यानं होतं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. तुझ्या यंत्रातला सेल, १८६५० लिहिलेला, सुटा असतो. त्याचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं असेल तर तो वापरू नको, दुकानात नवं वेष्टण चढवून मिळतं. सुटा सेल किल्ल्या, नाणी यांच्याबरोबर खिशात टाकला तर तो तापून पेट घेऊ शकतो. प्लास्टिकच्या डबीतच ठेव. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नको.

आणि बाटल्या वर ठेव. तुझी लेक आता पायावर उभी राहायला लागली. निकोटीन लहान मुलांना विषारी आहे, आणि लिक्विडला आंब्याचा वास येतो. बाटलीला मुलांना उघडता न येणारं झाकण असतं, पण प्रत्येक टँकला तसं नसतं. हातावर सांडलं तर लगेच साबणानं धू. बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी आणि तरी निकोटीनवाली असेल, किंवा २० मिलिग्रॅमच्या वरचा आकडा असेल, तर तो माल इथल्या नियमातला नाही. स्वस्त मिळाला तरी घेऊ नको.

तू १८ मिलिग्रॅमवर आहेस. खाली यायची घाई करू नको. मी १८ वरून १२ ला यायला सहा महिने घेतले, ६ ला यायला वर्ष, आणि ३ वरून शून्यावर आलो ते लॉकडाऊनमध्ये. मध्येच सिगारेटची तलफ उठली तर एक पायरी परत वर जा, त्यात लाज नाही. आणि तुझ्या दीपाला हे देऊ नको. ती गंमत म्हणून एक झुरका मागते असं म्हणालास. तिनं कधी सिगारेट ओढलेली नाही. हे सिगारेट सोडणाऱ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही.

दिवाळीला घरी जाशील तेव्हा हे काहीही बरोबर नेऊ नको. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर कायद्यानं बंदी आहे, आणणं, विकणं, साठवणं सगळ्यावरच. विमानतळावर काढून घेतील, त्यापुढेही त्रास होऊ शकतो. आधी महिनाभर इथल्या फार्मसीत जाऊन निकोटीनच्या पट्ट्या आणि गोळ्या विचार, तुझ्या दिवसाच्या हिशेबानं ते सांगतात. त्यांवर एक आठवडा इथंच राहून बघ. युरोपात कुठं गेलास तर टँक रिकामा करून ने, कारण वर गेल्यावर विमानातला दाब कमी होतो, टँकमधली हवा फुगते आणि लिक्विड बाहेर ढकलते. सेल हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकायला बंदी आहे.

तुझ्या पत्त्यावर आज पाच कॉइली आणि वायसरांची एक पुडी पाठवली आहे. शनिवारी पोचेल. तोवर काल रात्रीचा टँक पुसून, कडी बंद करून, उभा ठेव. आणि रात्री दुकानाकडे पाय वळला तर आधी मला फोन कर. कितीही वाजले असले तरी मी उचलतो.