दोन लूप, एकच घड्याळ

गिअरबॉक्सच्या चाचणीत कंपनं आणि तेलाचा दाब एकाच वेळी नोंदवायचे होते. लॅबव्ह्यूमध्ये मी दोन व्हाइल लूप शेजारी मांडले. एकात कंपनाचं कार्ड, दुसऱ्यात दाबाचं. दोन्हींचा वेग सेकंदाला १०,००० नमुने. बटण दाबलं की दोन्ही आलेख धावू लागत. मी निर्धास्त झालो.

पहिला दणका तासाभरातच बसला. उणे २००२७९ क्रमांकाची त्रुटी आली आणि नोंद थांबली. सलग नोंदीतला बफर हे रहाटगाडगं असतं. कार्ड गाडगी भरत राहतं, ती रिकामी करायचं काम आपल्या लूपचं. फेरी पुरी होईपर्यंत जे रिकामं झालं नाही, त्यातला जुना डेटा जातो. या वेगाला डॅकएमएक्स ड्रायव्हर आपणहून ठेवतो तो बफर चॅनलमागे १०,००० नमुन्यांचा, म्हणजे जेमतेम एका सेकंदाचा. माझा लूप वाचता वाचता फाइलही लिहीत होता, आलेखही काढत होता. डिस्क जरा अडली की सगळं तुंबायचं.

मी बफर वाढवला, त्रुटी गेली, चार तासांची चाचणी पार पडली. खरी चूक मात्र गप्प बसून होती. विश्लेषणात पहिल्या मिनिटांत दाब घसरला की लगेच कंपनाचा धक्का दिसे. तासाभरानंतर त्या दोहोंत एक दशांश सेकंदाचं अंतर पडलं होतं, आणि ते वाढतच गेलं. दोन्ही कार्डं आपापल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालत होती. दहा लाखांत तीस भागांचा फरकही तासाला हजारावर नमुन्यांचा होतो. गिअरबॉक्स तोवर उघडून झाला होता. ती चाचणी पुन्हा होणार नव्हती.

म्हणून कळकळीनं सांगतो. एकाच कार्डावरचे सगळे अ‍ॅनालॉग इनपुट चॅनल एकाच टास्कमध्ये घ्या. दोन टास्क केलेत तर साधनं आधीच राखीव असल्याची उणे ५०१०३ ही त्रुटी बहुधा येईलच. कार्डं दोन असतील तर एकाचं सॅम्पल क्लॉक वायरनं दुसऱ्याला द्या. क्लॉक घेणारं टास्क आधी सुरू करा, देणारं सर्वांत शेवटी. हा क्रम एरर वायरनं बांधा, कारण शेजारी मांडलेले लूप एकाच क्षणी सुरू होतील याची हमी नसते. वाचणाऱ्या लूपनं फक्त वाचावं: दर खेपेला एक दशांश सेकंदाचे नमुने उचलून रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, टाकावेत. लिहिणं आणि आलेख दुसऱ्या लूपकडे. क्यू वाढतच चालली, तर लिहिणारा लूप मागे पडतोय हे ओळखा.

आणि खऱ्या चाचणीआधी एकच सिग्नल दोन्ही कार्डांना देऊन तासभर नोंद घ्या. दोन्ही रेषा पहिल्या मिनिटाला जशा जुळतात तशाच शेवटच्या मिनिटाला जुळल्या, तरच यंत्र सुरू करा. हा तास मी वाचवला होता.