दारे अरकम : ज्या घराचे दार झाले

हज किंवा उमरा करून परतलेल्या आप्तांना सफा टेकडीविषयी विचारले, तर ते सईच्या सात फेऱ्यांबद्दल सांगतात. तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत धावणाऱ्या हजरत हाजरा (अलै.) त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हे योग्यच आहे. परंतु याच सफाच्या पायथ्याशी एक घर होते आणि इस्लामची पहिली पाठशाळा त्या घरात भरत असे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या घराचे नाव दारे अरकम.

अरबी भाषेत ‘दार’ म्हणजे घर. मराठीत मात्र दार म्हणजे घरात शिरण्याची वाट. या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. आपला शब्द संस्कृत ‘द्वार’वरून आला आहे. तरीही मराठी वाचकाने ‘दारे अरकम’ हे नाव उच्चारताना दोन्ही अर्थ मनात ठेवावेत. कारण हजरत अरकम (रजि.) यांचे घर ज्या दिवशी इतरांसाठी दार झाले, त्या दिवशी त्याला इतिहासात स्थान मिळाले.

घराची गरज का पडली?

इ. स. ६१० च्या सुमारास प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दिव्य प्रकटनास आरंभ झाला. पहिली सुमारे तीन वर्षे सत्यधर्माचे आवाहन जवळच्या, विश्वासातील माणसांपुरते होते. काबागृह मूर्तींनी भरलेले होते आणि त्याचा परिसर कुरैशच्या सरदारांच्या ताब्यात होता. श्रद्धावंतांना उघडपणे नमाज अदा करणे कठीण झाले, म्हणून ते मक्केबाहेरच्या दऱ्याखोऱ्यांत जाऊन नमाज अदा करीत. अशाच एका प्रसंगी काही अनेकेश्वरवादी तेथे पोचले. त्यांनी टिंगल केली, शब्दाने शब्द वाढला आणि हाणामारी झाली. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी उंटाच्या जबड्याचे हाड उचलून एकाला मारले व तो रक्तबंबाळ झाला. इस्लामच्या इतिहासात सांडलेले हे पहिले रक्त, असे चरित्रकार नोंदवतात.

येथे थोडे थांबून विचार करावा. मूठभर अनुयायी, समोर संपूर्ण शहर आणि तरुणांच्या मनात संताप. अशा वेळी प्रेषितांनी (स.) त्या संतापाला शस्त्र दिले नाही. त्यांनी आपल्या सोबत्यांसाठी एक जागा निवडली, जेथे बसून कुरआन ऐकता येईल, नमाज अदा करता येईल, शंका विचारता येतील आणि मन घडवता येईल. ती जागा म्हणजे हजरत अरकम (रजि.) यांचे घर.

कोण होते हजरत अरकम (रजि.)?

हजरत अरकम बिन अबिल अरकम (रजि.) हे कुरैशच्या बनू मखजूम या घराण्यातले. इस्लामचा कट्टर वैरी अबू जहल हाही याच घराण्यातला. प्रेषितांच्या (स.) बनू हाशिमशी या घराण्याची जुनी चुरस होती. म्हणून बनू हाशिमचा प्रेषित बनू मखजूमच्या घरात बसून शिकवत असेल, अशी शंका सहसा कोणाला येणार नाही, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. शिवाय सफाच्या परिसरात माणसांची ये-जा असे. गर्दीत येणारा-जाणारा चटकन नजरेत भरत नसे.

त्यांच्या वयाचाही हिशेब करून पाहावा. त्यांचे निधन मदीनेत हिजरी ५३ किंवा ५५ मध्ये झाले आणि तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. यावरून प्रेषितत्वाच्या आरंभी ते फार तर सतरा-अठरा वर्षांचे असावेत. आज आपल्या घरात या वयाचा मुलगा बारावीला असतो आणि घराची किल्ली त्याच्या हाती देतानाही आपण दहा सूचना करतो. प्रेषितांनी (स.) मात्र याच वयाच्या तरुणावर संपूर्ण चळवळीचे रहस्य सोपवले. आपल्याच घराण्याचा रोष पत्करून त्या तरुणाने हा विश्वास सांभाळला आणि घराचा ठावठिकाणा फुटू दिला नाही.

दाराशी आलेली माणसे

त्या घराच्या दाराशी कोण कोण आले, हे पाहिले की त्याचे मोठेपण ध्यानी येते. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) एके दिवशी तेथे आले, तेव्हा दाराशीच हजरत सुहैब रूमी (रजि.) भेटले. दोघेही परमुलखातून आलेल्या, मक्केत मानाचे स्थान नसलेल्या घरांतले. कशासाठी आलात, असे दोघांनी एकमेकांना विचारले, आणि दोघांनाही प्रेषितांचे (स.) म्हणणे ऐकायचे आहे, असे निघाले. ते सोबतच आत गेले, सोबतच ईमान स्वीकारले, संध्याकाळपर्यंत तेथे थांबले आणि मग लपतछपत बाहेर पडले.

याच दारातून हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आत आले. मक्केतील अत्यंत लाडात वाढलेला, उंची वस्त्रे व सुगंधासाठी प्रसिद्ध असलेला हा तरुण. एरवी ज्यांची पंगत कधी एक झाली नसती, अशी माणसे या घरात एकाच जमिनीवर मांडीला मांडी लावून बसली.

स्त्रियांनाही हे दार बंद नव्हते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी काबागृहाच्या परिसरात उघड आवाहन केले, तेव्हा त्यांना इतकी मारहाण झाली की त्यांना उचलून घरी आणावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी प्रथम प्रेषितांची (स.) खुशाली विचारली आणि त्यांना पाहिल्याखेरीज अन्नपाणी घेणार नाही, असे सांगितले. रात्री वर्दळ थांबल्यावर त्यांची आई उम्मुल खैर व हजरत उमर (रजि.) यांची बहीण हजरत फातिमा (रजि.) या दोघींनी आधार देत त्यांना दारे अरकममध्ये नेले. लेकाला सावरत आलेली ती माउली त्या घरातून परतली, ती श्रद्धावंत होऊनच.

दोन घरांची एक कथा

हजरत उमर (रजि.) यांच्या इस्लाम-स्वीकृतीची घटना आपण अनेक प्रवचनांतून ऐकतो. तलवार घेऊन ते दारे अरकमकडे निघाले, वाटेत हजरत नुऐम (रजि.) यांनी त्यांना आधी स्वतःच्या घरचे पाहा असे सुनावले आणि ते बहिणीच्या घरी वळले. तेथे हजरत खब्बाब (रजि.) हे हजरत फातिमा (रजि.) व त्यांचे पती हजरत सईद बिन जैद (रजि.) यांना सूरह ताहा शिकवत होते. रागाच्या भरात उमरांनी बहिणीवर हात उगारला, तिचे रक्त पाहून ते वरमले, ती पाने वाचायला घेतली आणि त्यांचे हृदय पालटले. पुढे ते दारे अरकमच्या दाराशी आले. आतल्या लोकांनी फटीतून तलवार पाहिली. नुकतेच ईमान स्वीकारलेले हजरत हमजा (रजि.) निर्भयपणे म्हणाले की त्याला आत येऊ द्या, चांगल्या हेतूने आला असेल तर स्वागत, अन्यथा आपण समर्थ आहोत. दार उघडले गेले आणि प्रेषितत्वाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास इस्लामला उमर लाभले.

या कथेतील एक बाब सहज निसटून जाते. हजरत उमर (रजि.) यांचे मन दारे अरकममध्ये बदलले नाही. ते बदलले बहिणीच्या घरात. केंद्र सफापाशी होते, परंतु धडा घरोघर पोचला होता. दारे अरकममध्ये शिकलेला शिक्षक एका कुटुंबाच्या घरी जात होता आणि त्या घरातील पती-पत्नी शेजारी बसून शिकत होती. त्या दिवशी हजरत फातिमा (रजि.) यांच्या घरात कुरआन वाचला जात नसता, तर तलवार घेऊन निघालेले पाऊल वाटेत कोठे थांबले असते?

हाच क्रम पुढे यसरिबमध्ये दिसतो. हिजरतीपूर्वी प्रेषितांनी (स.) तेथे शिक्षक म्हणून पाठवले ते हजरत मुसअब (रजि.) यांना. ते हजरत असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या घरी उतरले आणि तेथूनच मदीनेच्या घराघरांत इस्लाम पोचला.

त्या वास्तूचे पुढे काय झाले?

हजरत अरकम (रजि.) यांनी हे घर वक्फ केले. ते विकले जाऊ नये, वारसाहक्काने वाटले जाऊ नये, अशी त्यांनी अट घातली. इब्ने साद या प्राचीन चरित्रकाराने ही नोंद जपली आहे. तथापि अब्बासी खलीफा मन्सूर यांच्या काळात, मदीनेतील उठावाशी संबंध जोडून त्यांच्या वृद्ध नातवाला कैदेत टाकले गेले आणि सुटकेच्या बदल्यात त्याच्याकडून त्याचा हिस्सा १७,००० दिनारांना घेतला गेला. मग इतर वारसांनीही आपापले हिस्से विकले. पुढे हे घर खलीफा हारून रशीद यांच्या मातोश्री खैजुरान यांच्याकडे आले व त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकात हरम शरीफच्या विस्तारात ती वास्तूही राहिली नाही.

याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इस्लाम भिंतींना पूज्य मानत नाही. दारे अरकमचा वारसा दगडमातीत असता, तर तो नष्ट झाला असता. तो माणसांत होता, म्हणून आपल्यापर्यंत पोचला.

आपले घर

आता आपल्याकडे वळू. बोरीवलीत राहणारी आपली बरीच कुटुंबे कोकणातून आलेली आहेत. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनकडची मोठी घरे वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असतात आणि येथे आपण चाळीत वा वन रूम किचनमध्ये दाटीवाटीने राहतो. आजूबाजूला जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. आपल्या बैठकीत घराचा विषय निघतो, तो किती चौरस फूट मिळणार, कोणत्या भावाचे नाव लागणार याविषयी. हक्काचे बोलणे गैर नाही. वारशाचे नियम स्वतः अल्लाहने घालून दिले आहेत. पण त्या चौरस फुटांत काय घडणार, हा प्रश्न कोणी विचारतो का?

आपण मुलांना मकतबमध्ये पाठवतो. दहाव्या-अकराव्या वर्षी नाजरा पूर्ण होतो, मिठाई वाटली जाते, कुरआन गिलाफात गुंडाळून कपाटावर ठेवला जातो आणि पालक निश्चिंत होतात. त्यानंतर मुलाच्या मनात ज्या शंका उठतात, त्यांची उत्तरे त्याला मोबाइलवरचा कोणी अनोळखी माणूस देतो. कधी तो त्याला धर्मापासून दूर नेतो, तर कधी धर्माच्या नावाने द्वेष शिकवतो. मकतबने अक्षरे शिकवली; त्या अक्षरांना अर्थ देणारे घर मात्र गप्प राहिले. फिरऔनच्या अत्याचारात सापडलेल्या बनी इस्राईलला आपली घरे किब्ला करून नमाज कायम करण्याची आज्ञा झाली होती (सूरह यूनुस, आयत ८७). आपल्या घरांना कबरस्तान करू नका, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) आपल्याला दिली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दारे अरकममधील गुप्तता ही छळामुळे आलेली गरज होती. तो त्या घराचा आदर्श नव्हे. आपल्या देशात आपल्या धर्माचे शिक्षण घेण्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे. म्हणून आपल्या घरातील धडा उघड्या खिडक्यांनी व्हावा. शेजारच्या हिंदू वा ख्रिस्ती बांधवाने कुतूहलाने डोकावले, तर त्यालाही बसायला जागा मिळावी.

आरंभ कसा करावा?

लोकलच्या गर्दीतून घरातील कर्ती माणसे रात्री उशिरा परततात. म्हणून इशाच्या नमाजनंतर केवळ वीस मिनिटे ठरवावीत. आठवड्यातून दोन दिवस जमले, तरी चालेल. ते चुकू नयेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. दोन-तीन आयती पठण करून त्यांचा मराठी अर्थ वाचावा. वाचन घरातील तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे, हजरत अरकम (रजि.) यांचे वय आठवावे. आईने आणि आजीने केवळ चहा करण्यात गुंतून राहू नये. त्या धड्यातल्या विद्यार्थिनीही आहेत आणि शिक्षिकाही. मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर त्याला दटावू नये. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगून आलिमला विचारून यावे. आणि शेजारच्या ज्या मुलाच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्याच्यासाठी चटईवर एक जागा राखून ठेवावी.

त्यासाठी मोठ्या दिवाणखान्याची गरज नाही. हजरत फातिमा (रजि.) यांच्या घरात त्या दिवशी शिकवणारा एक होता आणि शिकणारी दोनच माणसे होती.

हे अल्लाह! आमच्या घरांत तुझे स्मरण व तुझ्या ग्रंथाचे ज्ञान जिवंत ठेव, आमच्या मुलांना विश्वासास पात्र कर आणि सत्य शोधणाऱ्या प्रत्येकासाठी आमचे दार उघडे राहू दे. आमीन.