बाळगोळी व पाळणाघर

मूल रडूं लागलें म्हणजे आई त्यास उचलून पोटाशीं धरते. परंतु आई यंत्रापाशीं उभी आणि मूल दूर खोलींत, तेथें काय होतें? याचा विचार या पाठांत करूं.

१. अडचण. सोलापुरांत १८७७ सालीं पहिली मोठी कापडगिरणी निघाली. खेड्यांतून पुष्कळ कुटुंबें मजुरीसाठीं शहरांत आलीं, व स्त्रियाही गिरणीच्या कामास लागल्या. तान्ह्यास यंत्राजवळ नेणें धोक्याचें. घरीं ठेवावें, तर सांभाळणार कोण? हीच अडचण मुंबईच्या गिरण्यांत होती. तेथें डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या सरकारी डॉक्टरबाईंनीं चौकशी केली. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असें १९२२ सालीं प्रसिद्ध झालें. या अफूच्या गोळीस बाळगोळी म्हणत.

२. परिणाम. अफूनें मूल निजतें, पण त्याचें पोट भरत नाहीं. भूक मरते, दूध ओढण्यास तें जागें होत नाहीं, आणि दिवसेंदिवस सुकत जातें. मात्रा किंचित् वाढली तर श्वासच थांबतो. निपचित पडलेलें मूल सुखी आहे असें समजूं नये.

३. उपाय. आईस दोष देणें सोपें होतें. पण नुसत्या उपदेशानें गोळी सुटती ना. आईस वेळ व मुलास जागा पाहिजे होती. सोलापूर तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. त्या इलाख्यांत १९२९ सालीं प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. त्याच्या विधेयकास आदल्या वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंडळांत पाठिंबा दिला होता. पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें, ५० हून अधिक स्त्रिया जेथें काम करीत तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर ठेवणें मालकांवर बंधनकारक केलें.

४. बोध. गिरणीचा कायदा शेताच्या बांधावर पोहोंचला नाहीं. म्हणून सुगींत गांवांतील एका जाणत्या बाईनें सावलींत तान्हीं सांभाळावींत, व तिला सर्वांनीं मिळून मजुरी द्यावी. आईस दर दोन-तीन तासांनीं पाजण्यास सोडावें. शेतमालकानें त्या वेळेचा पैसा कापूं नये. निजविण्याचें औषध मुलास कधींही देऊं नये. कोणी दिलें असेल, व मूल जागें होत नसेल किंवा श्वास मंद झाला असेल, तर घरगुती उपाय न करतां तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

विचारार्थ प्रश्न
(१) आई गोळी कां देत असे?
(२) निजलेलें मूल व तृप्त मूल यांत भेद कोणता?
(३) आपल्या गांवीं सुगींत तान्हीं कोण सांभाळतें?